एका बागेची वाइन, वाइनमेकरसमोर बसून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरी थॉमसनची, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांची बाग, त्यामुळे वाइन कळायच्या कितीतरी आधी मला द्राक्ष कळलं. गेली बारा वर्षं मी नाशिक परिसरातल्या वायनऱ्यांमध्ये नव्या वाइन चाखायला जाते. सोबत कधी मैत्रिणी असतात, कधी जावा-नणंदा, कधी ऑफिसातली मंडळी. अलीकडे एकाच बागेतून, एकाच प्लॉटमधून केलेल्या वाइनची चर्चा वाढली आहे. अशी नवी वाइन आली की ती करणारा वाइनमेकर स्वतः समोर बसून चाखवतो, अशा बैठकाही होऊ लागल्या आहेत. तिथे जाताना गाडीत लोक जे प्रश्न विचारतात ते बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

एका बागेची वाइन म्हणजे काय? सगळी वाइन कुठल्या ना कुठल्या बागेतूनच येते ना?

येते, पण बहुतेक वेळा अनेक बागांमधून. वायनरी स्वतःची शिवाय पाच-पंचवीस शेतकऱ्यांची द्राक्षं घेते. दिंडोरीचा माल, निफाडचा माल, त्र्यंबककडचा माल वेगवेगळ्या टाक्यांमध्ये आंबतो आणि शेवटी मिसळला जातो. मिसळणं हे मोठं कसब आहे, त्यात लबाडी काही नाही. एका बागेचं आंबटपण आणि दुसरीचा रंग घेऊन दरवर्षी साधारण सारखी चव देणं सोपं काम नव्हे.

एका बागेच्या वाइनमध्ये वाइनमेकर हा आधार सोडून देतो. त्या तुकड्यात त्या वर्षी जे पिकलं, तेच बाटलीत. आपल्याकडचे शेतकरी बोलताना म्हणतातच ना, ‘विहिरीजवळच्या प्लॉटचा माल वेगळा, माळावरच्या प्लॉटचा वेगळा.’ तोच फरक चाखता यावा म्हणून ही वाइन वेगळी ठेवलेली असते.

हे जगात नवीन आहे का?

अजिबात नाही. फ्रान्समधल्या बर्गंडीत शेकडो वर्षांपासून बागेच्या तुकड्यांना नावं आहेत. तिथली रोमाने-काँती ही जगप्रसिद्ध बाग जेमतेम १.८ हेक्टरची आहे, म्हणजे साडेचार एकरांच्या आसपास. एवढी शेती आपल्याकडे सामान्य शेतकऱ्याची असते. बर्गंडीतल्या या तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ऑस्ट्रेलियात ‘हिल ऑफ ग्रेस’ नावाची शिराझ, म्हणजे शिराझ द्राक्षाची लाल वाइन, १९५८ पासून एकाच बागेतून होते. इटलीत बारोलोच्या बागांच्या हद्दी २०१० मध्ये अधिकृतपणे नोंदल्या गेल्या.

आपल्याकडे वाइनचा आजचा धंदाच मुळात तरुण आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी नाशिकजवळ वाइनच्या द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या, २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं आणि मग वायनऱ्या वाढल्या. वीस-पंचवीस वर्षांत कुठला तुकडा काय देतो हे आत्ता कुठे नीट कळू लागलं आहे. त्यामुळे आज नाशिकला बसून अशी वाइन चाखणं मला फार मोलाचं वाटतं. बर्गंडीत हे काम जुन्या काळी ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी करून ठेवलं, इथे ते आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे.

बाटलीवर बागेचं नाव आहे म्हणजे ते खरंच मानायचं का?

विचारून मानावं. अमेरिकेत बाटलीवर बागेचं नाव छापायचं असेल तर किमान ९५ टक्के द्राक्षं त्याच बागेतली असावी लागतात. फ्रान्स-इटलीत हद्दी कायद्याने आखलेल्या आहेत. आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, पण ते अख्ख्या परिसराचं. बागेच्या तुकड्यांची हद्द आखणारी, त्यांची प्रत ठरवणारी फ्रान्ससारखी व्यवस्था आपल्याकडे नाही.

म्हणून वाइनमेकर समोर असतो तेव्हा सरळ विचारावं: बाग किती एकरांची, स्वतःची की शेतकऱ्याची, तिचे किती टन आले, त्याच्या किती बाटल्या झाल्या? एक टन द्राक्षांपासून ढोबळमानाने ६०० ते ७०० लिटर वाइन होते, म्हणजे आठ-नऊशे बाटल्या. एकर-दीड एकराची बाग सांगून पन्नास हजार बाटल्या सांगितल्या तर हिशेब जुळत नाही हे कुणालाही कळेल. ज्याने मनापासून काम केलं आहे त्याला हे आकडे तोंडपाठ असतात आणि ते सांगायला त्याला आवडतं.

एक बाग दुसरीपेक्षा इतकी वेगळी कशामुळे? मैलभराच्या अंतराने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आपली सगळी जमीन दख्खनच्या पठारावरची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. खडक एकच, बेसॉल्ट. पण त्याची झीज होऊन झालेली माती पावला-पावलाला बदलते. नदीकाठी, सखल भागात काळी कसदार चिकणमाती. ती पाणी धरून ठेवते. वेल तिथे खुशीत वाढत राहतो, पानोरा दाट होतो, मणी फुगतो. माळावर, उतारावर मुरूम. पाणी झरझर निघून जातं, वेलीला ताण बसतो, मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त, आणि लाल वाइनचा रंग व तुरटपणा येतो सालीतून. त्यामुळे काळ्या मातीतली शिराझ मऊ, रसाळ आणि थोडी पातळ लागू शकते, तर मुरमातली गडद आणि पकड असलेली.

शिवाय पाऊस. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून दीड-दोन तासांवर असलेल्या निफाडला त्याचा एक लहानसा हिस्सा. एकाच जिल्ह्यात एवढी तफावत. आणि थंडी. ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी आपण दर डिसेंबर-जानेवारीत वाचतो. रात्री गारठा आणि दुपारी ऊन असं असलं की द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं आणि साखरही भरते. उतार कुठल्या दिशेला, धरणावरून वारा येतो का, बाग किती वर्षांची, खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम बांधतात तो) कुठला, या सगळ्याची भर पडते. खाण्याच्या द्राक्षांसाठी आपण सर्रास डॉगरिज खुंट वापरतो, कारण तो पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसतो. पण त्यावर वेल जोमाने वाढतो आणि वाइनच्या बागेत तो जोम नेहमीच हवा असतो असं नाही. म्हणून काही बागांमध्ये ११० आर सारखे दुसरे खुंट दिसतात.

एक गैरसमज मात्र सोडून द्या. मुळं दगडातली चव ओढून वाइनमध्ये आणतात असं काही घडत नाही. दगडाला तशी चवही नसते. माती काम करते ती मुख्यतः पाण्याच्या आणि उष्णतेच्या मार्गाने.

दोन वर्षांपूर्वी एका वाइनमेकरने माझ्यासमोर दोन पेले ठेवले. दोन्हीत शिराझ, वर्ष एकच, पिंपात ठेवण्याचा काळ एकच. एक ओढ्याकाठच्या प्लॉटची, दुसरी टेकडीच्या उतारावरची. मधलं अंतर चालत दहा मिनिटांचं. पहिलीत पिकलेलं जांभूळ होतं, दुसरीत मिरी आणि सुपारीसारखा तुरटपणा. मी लहानपणी खालच्या आणि वरच्या बागेतली द्राक्षं खाऊन फरक सांगायचे, ते मला त्या क्षणी आठवलं.

मग एका बागेची वाइन नेहमीच जास्त चांगली असते का?

नाही. ऑस्ट्रेलियाची सर्वांत नावाजलेली लाल वाइन, पेनफोल्ड्सची ग्रेंज, १९५१ पासून मिश्रणच आहे. तिच्यात वेगवेगळ्या भागांमधली द्राक्षं असतात. शॅम्पेनमधल्या बहुतेक वाइन कंपन्या मिश्रणाच्या जोरावर उभ्या आहेत. एका बागेची वाइन वाईट वर्षात उघडी पडते. ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर ती झाकायला दुसरी बाग नसते. तिच्याकडून मिळते ती स्पष्टता. अमुक जागा, अमुक वर्ष. मला ती आवडते, पण रोजच्या जेवणासोबत मी आजही मिश्र वाइनच घेते.

तिला इतके पैसे का पडतात?

माल थोडा, टाकी वेगळी, पिंप वेगळं, मजुरी जास्त. नेहमीच्या ओकच्या पिंपात २२५ लिटर मावतात, म्हणजे ३०० बाटल्या. फ्रान्सहून आणलेल्या एका पिंपाचा खर्च त्या तीनशे बाटल्यांवरच चढतो. नुसतं नाव विकण्यासाठी किंमत वाढवणारेही असतात. ते ओळखायला वरचे एकर-टनांचे प्रश्न उपयोगी पडतात.

वाइनमेकर म्हणजे वायनरीचा मालक का?

कधी असतो, बहुतेकदा नसतो. मालक धंदा पाहतो. वाइनमेकर द्राक्ष कधी तोडायचं इथपासून बाटली कधी भरायची इथपर्यंत जबाबदार असतो. सुरुवातीच्या काळात आपल्याकडे हे काम बरंचसं परदेशी सल्लागारांच्या हाती होतं. सुला वायनरीसाठी कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की, अकलूजच्या फ्रातेल्लीत इटलीचे पिएरो मासी, ग्रोव्हरमध्ये फ्रान्सचे मिशेल रोलाँ. आता मराठी घरांमधली, शेतीशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलं-मुली हे काम करताना दिसतात. त्यांच्याशी मराठीत बोला. मी पाहिलं आहे, इंग्रजीत ठरलेलं माहितीपत्रक बोलून दाखवणारा माणूस मराठीत प्रश्न आला की पेला खाली ठेवतो आणि बागेतल्या गोष्टी सांगू लागतो.

त्याला विचारायचं काय? आपलं अज्ञान दिसेल अशी भीती वाटते.

ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. मी एका गोष्टीने उत्तर देते.

माझे आप्पा दारू-वाइनला कधी शिवले नाहीत. एकदा मी त्यांना अशा बैठकीला घेऊन गेले. सगळे वास आणि चव यांवर बोलत होते. आप्पांनी पेला नुसता नाकाशी नेला, खाली ठेवला आणि विचारलं, ‘काढणीआधी पाणी कधी तोडलं?’ वाइनमेकर थांबला. मग त्याने सांगितलं की मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, त्याने ड्रिप निम्म्यावर आणलं, पण तीन आठवड्यांनी वेली फारच सुकायला लागल्या म्हणून पुन्हा एकदा सोडावं लागलं आणि त्या चार दिवसांत मणी फुगले. पेल्यातली वाइन थोडी सैल का लागते, ते आम्हाला त्यातून कळलं. पुढचा तासभर ते दोघेच बोलत होते आणि बाकी सगळे ऐकत होते. त्या दिवसाइतकं मी कुठल्याच बैठकीत शिकले नाही.

तेव्हा बागेविषयी विचारा. गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, कधी केली? काढणी कधी झाली, पहाटे की दिवसा? एकरी माल किती ठेवला? खाण्याच्या द्राक्षाला आपण एकरी दहा-बारा टनांची अपेक्षा धरतो. चांगल्या वाइनसाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवतात, घड काढून टाकतात, आणि शेतकऱ्याच्या मुलीला ते बघताना सुरुवातीला जीवावर येतं. भुरी किंवा केवडा हे बुरशीचे रोग आले होते का? तोडताना ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, किती होतं? खाण्याचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सला तोडलं तरी चालतं, वाइनचं बहुधा एकवीस ते चोवीसला. आणि एक थोडा नाजूक प्रश्न: आम्ल वरून घालावं लागलं का? उष्ण प्रदेशात टार्टारिक आम्ल थोडं घालणं ही जगभर मान्य रीत आहे. प्रामाणिक वाइनमेकर होय म्हणून सांगतो आणि का घातलं तेही सांगतो.

सगळ्यात शेवटी विचारावं: ‘या वर्षी तुम्हाला पुन्हा संधी मिळाली तर काय वेगळं कराल?’ याचं उत्तर ऐकल्याशिवाय मी उठत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

युरोपात काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. त्या काळात आपल्याकडे पाऊस. म्हणून आपण वेल वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळ्याच्या अखेरीस गोड छाटणी. फळ थंडीत पिकतं आणि वाइनची काढणी जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत चालते. त्या दिवसांत वायनरी पाहायला सर्वांत सुंदर, पण वाइनमेकरला रात्री जेमतेम चार तास झोप मिळते. त्याच्याशी निवांत बोलायचं असेल तर पावसाळा उत्तम. तोवर त्या वर्षीच्या पांढऱ्या वाइन बाटलीत आलेल्या असतात, आणि लाल वाइन पिंपातून थेट काढून चाखायला मिळू शकते. पिंपातली वाइन कच्ची, टोचरी लागते. तिच्यावरून निकाल देऊ नका.

जाण्याआधी काय तयारी?

अत्तर, सेंट, गजरा नको, तुमच्यासकट शेजारच्याचंही नाक बंद होतं. पान, तंबाखू, पेपरमिंट नको. पोटभर नाही तरी नीट खाऊन जा. पाण्याची बाटली ठेवा. एवढं पुरे.

चाखायची पद्धत काय?

पेला दांडीला धरा. रंग पांढऱ्या कागदावर धरून पाहा. न हलवता एकदा वास घ्या, मग पेला गोल फिरवून पुन्हा घ्या. दोन्ही वासांत फरक असतो. मग एक घोट. हा घोट चूळ भरल्यासारखा तोंडात सगळीकडे फिरवा, हिरड्यांपर्यंत. गिळल्यावर किंवा टाकल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजा.

एकाच बागेच्या वाइन चाखताना एक गोष्ट आवर्जून करा. दोन पेले मागून घ्या आणि दोन बागा शेजारी-शेजारी ठेवा. नुसत्या एका वाइनवरून बाग कळत नाही. फरक दिसायला शेजार लागतो.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा सल्ला थंड देशांतला. एप्रिलमध्ये नाशिकला पारा अडतीसवर असतो. त्या तापमानाला कुठलीही लाल वाइन नुसती अल्कोहोलसारखी झोंबते. सोळा-अठरा अंश योग्य, म्हणजे आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आठ ते बारा. फार गार असेल तर वास दबतो, तेव्हा पेला दोन्ही तळव्यांत धरा.

मला ते चेरी, ब्लॅकबेरी, गूसबेरी काही येत नाही. माझं नाक कमी आहे का?

नाक उत्तम आहे, यादी परक्याची आहे. जे फळ आपण खाल्लंच नाही त्याचा वास कसा ओळखणार? आपली यादी घ्या. सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये भोपळी मिरची चिरल्याचा, कैरीच्या सालीचा, पेरूचा वास येतो. भोपळी मिरचीचा तर अक्षरशः तोच, कारण पायराझिन नावाचं तेच रसायन दोन्हीत असतं. शिराझमधल्या काळ्या मिरीचंही तसंच. त्यामागचा रोटुंडोन हा घटक ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी शोधून २००८ मध्ये जाहीर केला आणि मिरीच्या दाण्यातही तोच आहे. शेनॅ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये मला पिकला पेरू, मध आणि कधी पपनस सापडतं. अमेरिकन ओकच्या पिंपात ठेवलेल्या वाइनला सुक्या खोबऱ्याचा वास येतो, तो तर आपल्या वाटणाच्या डब्यातला.

जांभूळ, करवंद, आमसूल, भाजलेलं जिरं, चिंचेचा कोळ, सुकलेली तंबाखूची पानं, नवं पुस्तक. जे आठवेल ते मोठ्याने बोला. माझी मोठी जाऊ एका कॅबर्नेला, म्हणजे आणखी एका द्राक्षाच्या लाल वाइनला, ‘ओल्या विड्याच्या पानासारखी’ म्हणाली आणि वाइनमेकरने ते वहीत लिहून घेतलं.

लाल वाइन प्यायल्यावर जीभ कोरडी पडते. ती खराब आहे का?

तो तुरटपणा. आपल्या भाषेत सहा रसांमध्ये तुरट हा रस स्वतंत्र मानलेला आहे, म्हणून मराठी माणसाला ही गोष्ट पटकन समजायला हवी. साल आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि तोंड कोरडं होतं. कच्चं केळं, आवळा, सुपारी खाल्ल्यावर होतं तेच. तो तुरटपणा कुठला ते पाहा. हिरव्या सुपारीसारखा टोचत असेल तर द्राक्ष नीट पिकण्याआधी तोडलं गेलं असावं. जांभळासारखा भरलेला असेल तर चांगलं, आणि अशी वाइन काही वर्षं ठेवता येते.

घोट थुंकून टाकणं हा वाइनमेकरचा अपमान नाही का?

मुळीच नाही. तो स्वतः तेच करतो. दिवसाला चाळीस-पन्नास नमुने चाखणारा माणूस दुसरं काय करणार? भांडं ठेवलेलं असतं. नसेल तर मागा. सहा-सात वाइन गिळल्या तर शेवटच्या दोन बागांतला फरक कुणालाच कळत नाही.

वाइन बिघडलेली वाटली तर सांगावं का?

सांगावं, हळू आवाजात आणि वर्णन करून. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट कोपऱ्याचा वास येत असेल तर बुचातला दोष. सडक्या अंड्याचा येत असेल तर पेला जोरात फिरवा, बऱ्याचदा जातो. व्हिनेगरचा, गोठ्याचा, कापलेल्या आणि काळं पडलेल्या सफरचंदाचा वास यांचीही कारणं वेगवेगळी आहेत. तळाशी खडीसाखरेसारखे बारीक स्फटिक दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात आणि निरुपद्रवी.

एका बैठकीत मला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. सगळे छान-छान म्हणत होते, म्हणून मी गप्प बसले. दहा मिनिटांनी वाइनमेकर आला, त्याने स्वतः वास घेतला आणि सगळ्यांचे पेले रिकामे करायला सांगून दुसरी बाटली उघडली. ती वाइन पहिलीपेक्षा पूर्ण वेगळी होती. त्या बागेबद्दल आम्ही वीस जण चुकीचं मत घेऊन घरी गेलो असतो. तेव्हापासून मी बोलते.

सोबत खायला काय?

चाखताना बिनमिठाचा पाव किंवा साधी बिस्किटं, बस. नंतर जेवणाला मात्र आपल्या पदार्थांसोबत जरूर लावून पाहा. कोथिंबीर वडी, सुरळीची वडी यांच्याबरोबर सोव्हिन्यॉ ब्लाँ फार छान जाते. थोडा गोडवा राखलेली शेनॅ तिखट सांभाळून घेते. काळ्या मसाल्याच्या मटणासोबत सगळे शिराझ सांगतात, पण लक्षात ठेवा, मिरचीचा जाळ अल्कोहोल आणि टॅनिनमुळे वाढतो. रस्सा झणझणीत असेल तर मऊ, कमी तुरट शिराझ घ्या, नाहीतर सुक्या मटणावर भागवा. पुरणपोळीसोबत कोरडी वाइन आंबट लागते. वाइन पदार्थापेक्षा गोड असेल तरच जमतं.

विकत घेतली तर किती वर्षं ठेवायची?

वाइनमेकरलाच विचारा, प्रत्येक वाइनचं वेगळं. बहुतेक भारतीय पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत प्याव्यात. चांगली शिराझ किंवा कॅबर्ने पाच-सात वर्षं टिकते, पण आपल्या घरात टिकवणं अवघड. स्वयंपाकघराचा माळा ही वाइनची सगळ्यात वाईट जागा. वाइनचं वेगळं कपाट नसेल तर फ्रिजचा खालचा कप्पा बरा. एका बागेच्या शक्यतो दोन बाटल्या घ्या. एक आता, एक तीन वर्षांनी, आणि तेव्हा पहिल्या वेळची टिपणं समोर ठेवा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते.

वय, गाडी, मुलं?

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. ड्राय डेला बैठक होत नाही, तारीख आधी पाहा. गाडी चालवणाऱ्याने गिळूच नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते. गंगापूरकडचे आणि दिंडोरीचे रस्ते रात्री अंधारे असतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या बिनदिव्यांच्या. आमच्या गाडीत एक जण ठरवून फक्त वास घेतो. मुलांना बागेत फिरवून आणा, चाखण्याच्या टेबलावर आणू नका.

मी पीत नाही. मी आले तर चालेल का?

यावं. वर आप्पांची गोष्ट सांगितलीच. बागेत फिरता येतं, वासही घेता येतो, आणि काढणीच्या दिवसांत गेलात तर न आंबवलेला ताजा रस चाखता येतो. शिराझचं द्राक्ष वेलीवरून तोडून तोंडात टाका. मणी लहान, साल जाड, बिया दोन-तीन, आणि गोडी थॉमसनच्या कितीतरी पुढे.

आमची स्वतःची बाग आहे. त्यातला एक प्लॉट वाइनच्या द्राक्षांसाठी लावावा का?

बैठक संपल्यावर हा प्रश्न हमखास कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं. आमच्याही घरी तो दोनदा निघाला.

२००८ च्या मंदीनंतर वाइनची विक्री घसरली, अनेक वायनऱ्यांचा माल टाक्यांमध्ये पडून राहिला, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि पुष्कळांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. आमच्या शिवारात ते घडलं. वाइनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही. बिया असलेला, जाड सालीचा लहान मणी कुणी खायला घेत नाही. म्हणजे घेणारा एकच, आणि त्याने हात वर केले की माल वेलीवरच राहतो. तेव्हा आधी लेखी करार, मग लागवड. करारात दर, ब्रिक्स, एकरी किती टन, पैसे किती दिवसांत आणि अवकाळी झाला तर काय, हे सगळं हवं. माल कमी ठेवायला सांगत असतील तर पैसे टनावर न ठरवता एकरावर ठरवून घ्या. नाहीतर चांगल्या वाइनसाठी घड तुम्ही काढणार आणि नुकसानही तुमचंच होणार. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाण आणि खुंटाबद्दल सल्ला मिळतो, तिथे मातीच्या तपासणीचा कागद घेऊन जा.

आणि करारात आणखी एक ओळ मागा. वाइन तुमच्या एकट्या प्लॉटची होणार असेल तर बाटलीवर त्या प्लॉटचं नाव छापलं जावं. ते नाव तुम्ही घरी जे वापरता तेच असू दे. आमच्या वरच्या बागेला आप्पा ‘माळवाडी’ म्हणतात. दुसऱ्यांदा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही तिथलं पाऊण एकर शिराझला दिलं. वेली आता दोन वर्षांच्या आहेत, ओलांडे (तारेवर वळवलेले आडवे फाटे) तयार झालेत, आणि येत्या ऑक्टोबरात पहिली गोड छाटणी आहे.